सुनेला चाक शिकवताना

भरमाआप्पांच्या दारात गाडीचं चाक निघालं की आमच्या गल्लीतल्या रिकाम्या माणसांना बसायला निमित्त मिळायचं. समोरच्या कट्ट्यावर गुंडूकाका आणि मष्णूकाका हे दोघे तर ठरलेलेच. आप्पा पाना हातात घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारत, खाली वाकून बघत, पायाने जमीन दाबून बघत, पुन्हा एक फेरी मारत.

"भरमाण्णा, चाक काढालाईस का पोरगी बघालाईस?" गुंडूकाका ओरडायचे.

"पोरगी बघाय गेलतो तवा एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं," आप्पा म्हणायचे, आणि आत मालुबाई हातातलं भांडं जरा जोराने खाली ठेवायच्या. कट्टा हसायचा.

आमचं गाव कडोलीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. गल्लीत सगळ्यांची थोडीफार शेती आहे आणि सगळ्यांच्या घरातलं कुणी ना कुणी रोज बेळगावला कामाला जातं. आप्पाही जात. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा टेम्पो चालवण्यात त्यांचं सगळं वय गेलं. ओतीव लोखंडाचे सुटे भाग भरून ते संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरला पोचवायचे. वाटेत कुठेही हवा जाऊन चाक बसायचं. घाटात, पावसात, उसाच्या गाड्यांच्या रांगेत. त्या नोकरीतून ते घरी आले ते ही सावकाशी घेऊन. नंतर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गल्लीत आणखी कुणाकुणाच्या गाड्या आल्या, आणि चाकाची अदलाबदल करायची असली की त्या सगळ्या आप्पांच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या.

त्यांची रीत कधी बदलली नाही. घराच्या बाजूला सिमेंटचा कोबा होता, गाडी त्या कोब्यावरच घ्यायची, मातीवर नाही. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकून ठेवायचा, आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. नट गाडी जमिनीवर असतानाच जरासे सैल करायचे. उचललेल्या गाडीवर जोर केला तर ती जॅकवरून हलते. जॅकचं काम फक्त उचलण्याचं. उचलली की ती टेकवायची घोडीवर. घोडी म्हणजे तीन पायांचं लोखंडी स्टँड; अशी एक जोडी त्यांनी बेळगावहून आणली होती आणि तिला कुणाला हात लावू देत नसत. काढलेलं चाकसुद्धा बाजूला टेकून ठेवायचं नाही, गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवायचं.

"जॅक खोटं बोलला तर घोडी हाय," ते म्हणायचे, "घोडी खोटं बोलली तर चाक हाय."

"आन् चाकबी खोटं बोललं तर?" मष्णूकाका विचारायचे.

"तर तू हायस की. रिकामाच बसलाईस."

त्यांचा मुलगा नागेंद्र मात्र या सगळ्याला कंटाळायचा. तो बेळगावात औषधांच्या एका घाऊक दुकानात होता. हसरा, भराभर बोलणारा, जिना चढतानासुद्धा एक पायरी सोडून चढणारा. "आप्पा, हायवेवरचा पंक्चरवाला एवढ्यात चारी चाकं बदलून चहा पितो," असं तो म्हणायचा. "हात शाबूत हायत तवर पिऊ दे त्याला," असं आप्पा म्हणायचे. बापलेकाचं हे बोलणं आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य कट्टाच पुरं करायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला नागेंद्र गेला.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं एकूण एक लोखंड धुऊनपुसून देवापुढे मांडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, कुदळ, शिवणाची कात्री. त्याला एकदा हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही. विळीही पूजेत असते, म्हणून त्या दिवसाची भाजी आदल्या संध्याकाळीच चिरून ठेवतात. आप्पांच्या घरात या मांडणीत जॅक, पाना आणि घोड्यांची जोडीही असायची. ती मांडताना आप्पा प्रत्येक वस्तूला दोन्ही हातांनी धरत, बाळाला पाटावर बसवावं तसं बसवत.

गाडीचीही पूजा व्हायची. त्या दिवशी ती कोब्यावर नव्हती. मालुबाईंनी समोरचं अंगण नुकतंच शेणाने सारवलं होतं, रूपालीने, म्हणजे नागेंद्रच्या बायकोने, रांगोळी काढली होती, आणि तिच्यापुढे गाडी हार घालून उभी केली होती. दुपारी नागेंद्रला दिसलं की पुढचं एक चाक बसलंय. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं की रूपालीच्या माहेरी, बोरगावला जायचं होतं. त्याला काम आजच उरकायचं होतं.

"आप्पा, एक घोडी घेतो हं पूजेतली. परत ठेवतो तशीच."

"पूजेतलं हलवायचं न्हाय रं. उद्या सकाळी बदलू की. मी हाय न्हवं."

एवढं बोलून आप्पा शेतातल्या पंपाला नारळ फोडायला गेले. रूपालीने हे बोलणं स्वयंपाकघरातून ऐकलं.

गाडीच्या डिकीत गाडीचाच लहान जॅक आणि पाना राहिला होता; तो पूजेत मांडायचा हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नागेंद्रने तो काढला. घोडीऐवजी त्याने अंगणाच्या कडेला रचलेला जांभ्याचा एक चिरा गाडीखाली ठेवला. आमच्याकडची सगळी घरं जांभ्याची. ज्या दगडावर घर उभं राहतं त्यावर गाडी टेकायला काय हरकत आहे, असं इथल्या कुणालाही वाटलं असतं. पण जांभा भिंतीत सगळीकडून सारखा भार घेतो. एका जागी टोकदार वजन आलं की त्याची आतली भोकं दबतात आणि तो गुळाच्या ढेपेसारखा फुटतो. चाक निघालं. स्टेपनी बसवताना एक नट हातातून सुटला आणि गाडीखाली घरंगळत गेला. तो घ्यायला नागेंद्र खांद्यापर्यंत आत गेला. ओल्या सारवणात जॅकचा पाय एका बाजूला रुतला होता. गाडी कलली, चिऱ्यावर आली, आणि चिरा फुटला.

गल्लीतल्या माणसांनी गाडी हातांनीच उचलली. आप्पा शेतातून आले तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. त्याचा उपयोग नव्हता.

दिवसकार्याला आलेल्यांपैकी कुणीतरी सहज म्हणालं, "घरात स्टँड होतं म्हणं. ते का घेतलं नाही?" आप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. रूपाली चहाचे कप गोळा करत होती. ती कप घेऊन आत गेली.

त्यानंतर घरात तिने हा विषय कधी काढलाच नाही. ती बेळगावात एका मराठी शाळेत शिकवायची आणि मी तेव्हा एम.ए.ला होते, आम्ही दोघी सकाळी एकाच बसने जायचो. एकदा खिडकीबाहेर बघत तिने मला त्या दुपारचं बोलणं सांगितलं. मी विचारलं, तू आप्पांना कधी काही म्हणाली नाहीस? ती म्हणाली, "काय म्हणू? ते रोज माझ्या तोंडाकडं बघतात. मी म्हणेन म्हणून वाट बघतात. म्हटलं तर त्यांचं संपेल. माझं न्हाय संपायचं."

आप्पांनी हत्यारं एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. अंगणातले उरलेले चिरे बैलगाडीत भरून शेताच्या कडेला नेऊन ओतले. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली गेली. कुणी चाकासाठी विचारलं तर ते "आता डोळ्यांना दिसत न्हाय" म्हणायचे, आणि गुंडूकाका विचारणाऱ्याला डोळ्याने खुणावून बाजूला न्यायचे. कट्ट्यावर माणसं बसायची, पण समोर बघायला काही नव्हतं.

आप्पांच्या दिवसाला एकच आधार राहिला होता: नात, नागेंद्रची मुलगी रचना. तिला शाळेत सोडायचं, आणायचं, तिच्याबरोबर शेंगा फोडायच्या, तिने विचारलेल्या प्रश्नांना खोटीनाटी उत्तरं द्यायची. "आज्जा, म्हैस हसते का गं?" असं ती आज्जालाही "गं" लावून विचारायची. "हसती की. आपुन आत गेलो की हसती." मग दोघं गोठ्याच्या दाराआड लपून म्हैस हसायची वाट बघायची. मालुबाई त्या वेळी ओसरीवरून बघत राहायच्या. त्या घरात तेवढाच आवाज होता.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर रचनाची कन्नड मुळाक्षरं घेत बसले होते. रूपाली आतून आली आणि आप्पांसमोर उभी राहिली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, सासूला आत्ती.

"मामा, बोरगावजवळच्या शाळेत मला जागा मिळालीय. जूनपासनं. आई तिथं एकटीच असती, गुडघ्यानं उठवत न्हाय तिला. रचनालाबी तिकडंच घालावं म्हणते."

आप्पा शेंगा फोडत होते. फोडत राहिले.

"आणि गाडी न्यावी म्हणते. शाळा गावाबाहेर हाय. आईला निपाणीला दवाखान्याला न्यायचं असतं."

"गाडी?" मालुबाई आतून आल्या. "ती गाडी? तुकडं करून भंगारात घाला म्हणून दोन वर्सं सांगतीया मी. त्या गाडीत बसून जाणार तू? माझ्या पोरीला घालून?"

"आत्ती, गाडीनं काय केलं न्हाय."

हे ती कुणाला टोचावं म्हणून म्हणाली नव्हती. तिचा आवाज अगदी साधा होता. रचना एका अक्षरावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती. आप्पा म्हणाले, "चालवाय येतंय तुला. नाग्यानं शिकवलंय. चाक बदलाय येतंय का?"

"न्हाय."

"तवंदीच्या घाटात बसलं तर कुणाच्या तोंडाकडं बघशील? पोरगी मागं बसलेली असणार."

"मग शिकवा की."

आप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली. "बघू," म्हणाले.

रूपाली आत गेल्यावर मालुबाई त्यांच्याजवळ बसल्या. मी तिथे आहे याची त्यांना पर्वा नव्हती. "शिकवू नगासा," त्या हलकेच म्हणाल्या. "शिकली न्हाय तर तुमी गाडी देणार न्हाय. गाडी न्हाय तर ती जाणार न्हाय. एवढं तरी करा. पोर डोळ्यासमोर ऱ्हाईल."

रविवारी सकाळी आप्पांनी माळ्यावरचं पोतं खाली काढलं.

गाडी कोब्यावर आणली. कट्ट्यावर गुंडूकाका आणि मष्णूकाका येऊन बसले, पण थट्टेला तोंड उघडेना. आप्पा गाडीजवळ गेलेच नाहीत. कोब्याच्या कडेला पायरी होती तिच्यावर बसले आणि तिथून सांगू लागले. रूपालीने पदर खोचला होता आणि नागेंद्रचा एक जुना शर्ट साडीवर घातला होता. पोत्यातून एकेक वस्तू काढताना तिने प्रत्येक वस्तू त्यांना दाखवली आणि प्रत्येक वेळी ते नुसती मान हलवत.

"आधी काय?" आप्पांनी विचारलं.

"हँडब्रेक. गिअर."

"त्याच्याआधी."

तिला आठवेना.

"रचना कुठं हाय? आधी पोरगी गाडीतनं खाली. गाडीपासनं लांब. रस्त्यावर असलीस तर रस्त्याच्या पार पलीकडं, कठड्याच्या आत. आतलं माणूस हललं की गाडी हलती."

ती सगळं करून बघे आणि ते सगळ्यात चूक काढत. ठोकळा चाकाला पुरता भिडला नाही. पाना नटावर तिरका बसला. असा घसरला की बोटं सोलतात. पान्यावर उभी राहू नकोस, अंगाचं वजन हळू घाल. जॅक कुठेही लावायचा नसतो, पत्र्याखाली कडेला दोन खाचा आहेत तिथेच. बोटाने चाचपून बघ, डोळ्यांवर विसंबू नकोस. रस्त्याकडेची जमीन मऊ असली तर जॅकखाली फळी घाल, आणि फळी नसली तर गाडी हळूहळू पुढे ने, टायर फाटला तरी चालेल, पण कठीण जागा मिळेपर्यंत थांबू नकोस.

"टायर फाटला तर नवा मिळतोय," ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी तिचं बहुतेक सगळं बरोबर आलं. आप्पा म्हणाले, "नट गोलाकार आवळलीस. समोरासमोरचे आवळायचे. पुन्हा काढ." त्यानंतरच्या रविवारी तिने ते बरोबर केलं, तेव्हा ते म्हणाले की गाडी खाली घेतल्यावर शेवटचं आवळताना ती घाई करते. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना तिचं बसणंच पटेना. गुडघे टेकून बसायचं नाही, चवड्यांवर बसायचं, म्हणजे पटकन मागे उठता येतं.

शेवटी गुंडूकाकांना राहवलं नाही. "भरमाण्णा, किती छळशील रं पोरीला? शिकली की ती. आता काय गॅरेज काढून देणार हाईस?"

"अजून कच्ची हाय," आप्पा म्हणाले.

"कच्ची ती का तू?"

आप्पांनी रूपालीला नट पुन्हा काढायला सांगितले.

सोमवारी मी कामाला बेळगावला निघाले होते, रूपालीलाही शाळेतले कागद आणायला जायचं होतं. बसमध्ये मी तिला म्हणाले, तुला कळत नाही का, ते मुद्दाम लांबवताहेत. तिच्या नखांच्या कडा काळ्या होत्या, ती दुसऱ्या हाताने त्या झाकत होती.

"कळतंय गं," ती म्हणाली. "त्यांना एक रविवार जास्त मिळालाय, मिळू दे. मलाबी मिळालाय की."

मे संपत आला तेव्हाच्या रविवारी ते झालं. गाडी घोडीवर टेकलेली होती, जुनं चाक पोटाखाली सरकवलेलं होतं, स्टेपनी बसवून रूपाली नट हाताने फिरवत होती. बोटांना ग्रीस लागलेलं होतं. एक नट सुटला, कोब्यावर टणटण करत उडाला आणि गाडीखाली गेला.

रूपालीचा हात तिथेच थांबला. आप्पा पायरीवरून उठून उभे राहिले. कट्ट्यावर कुणी हललं नाही. नट मधोमध जाऊन पडला होता, सगळ्यांना दिसत होता, हात घातला तर सहज मिळेल इतका जवळ.

"असू दे तितंच," आप्पा म्हणाले. "असू दे. त्याला हात लावू नगो. मागं सर."

ती मागे सरली. "मग काय करायचं?"

"काय न्हाय करायचं. तो गेला. बाकीच्या नटांवर चाक बसवायचं, हळू चालवत पंक्चरवाल्यापतोर जायचं, नवा घालायचा. गाडीखाली काय बी जाऊ दे. नट जाऊ दे, सोनं जाऊ दे. डोकं घालायचं न्हाय."

ते पायरी उतरून खाली आले होते. इतके आठवडे ते गाडीपासून जेवढे लांब होते ते अंतर त्यांनी कधी ओलांडलं हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. त्यांनी भिंतीला टेकलेला खराटा घेतला, लांब उभं राहून त्याच्या दांड्याने नट ओढला. नट घरंगळत बाहेर आला आणि रूपालीच्या पायाशी थांबला. आप्पा खराटा धरून उभेच राहिले.

"त्या दिवशी तो मला म्हणाला हुता," ते म्हणाले. "एक घोडी घेतो म्हणून."

"मला म्हाईत हाय, मामा."

"मी न्हाय म्हटलं."

"मी ऐकलं हुतं."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ती नट शर्टाला पुसत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि माफीही नव्हती. जे होतं ते दोघांनी मिळून उचललेलं ओझं असावं तसं काहीतरी होतं. एकाने सोडलं असतं तर दुसऱ्याच्या अंगावर आलं असतं. ती पुन्हा चवड्यांवर बसली, नट जागेवर बसवला, समोरासमोरचे आवळले. पोटाखालचं जुनं चाक बाहेर काढलं, घोडी काढली, गाडी खाली घेतली. शेवटचं आवळताना तिने घाई केली नाही. ठोकळे काढले. मग उठून, हात बाजूला धरून उभी राहिली.

आप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून बघितलं. प्रत्येक नटाला बोट लावलं. पुन्हा एक फेरी मारली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि दारात उभ्या असलेल्या मालुबाई डोळे मोठे करून, मान अगदी थोडी हलवून, त्यांना नको म्हणत होत्या.

"जमलं," आप्पा म्हणाले.

मालुबाई आत निघून गेल्या.

जूनच्या आधी दोन दिवस रूपाली आणि रचना गेल्या. सामान फार नव्हतं. आप्पांनी पोतं स्वतः डिकीत ठेवलं. घोड्या वाजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये रचनाचा लहानपणीचा दुपट्टा घातला, जॅकखाली घालायची फळी सगळ्यात वर ठेवली, म्हणजे आधी हाताशी येईल. रूपाली म्हणाली, "एक घोडी तरी ठेवून घ्या की मामा, कुणाला लागली तर." ते म्हणाले, "न्हाय. माझं झालं."

रचनाने खिडकीतून हात बाहेर काढून म्हशीला टाटा केला. आज्जा आपल्यामागे येणार आहे, दुसऱ्या गाडीने, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, म्हणून ती रडली नाही. मालुबाई बाहेर आल्याच नाहीत. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही आप्पा रस्त्यात उभे होते. मष्णूकाकांनी त्यांना हाताला धरून कट्ट्यावर बसवलं आणि तंबाखूची डबी पुढे केली.

त्या रात्रीनंतर मालुबाई आप्पांशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, कपडे धुवायच्या, पण शब्द नाही. "शिकवू नगासा म्हटलं हुतं," एवढंच त्या माझ्या आईला म्हणाल्या, भिंतीला सांगावं तसं. आप्पा सकाळी उठून शाळेच्या वाटेने थोडं जायचे आणि परत यायचे.

नागपंचमीला आईने लाडू केले आणि मला डबा घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. दुपार होती. आप्पा ओसरीवर बसले होते, मालुबाई जोंधळे पाखडत होत्या. फोन वाजला. आप्पांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांच्या सांगण्यावरून स्पीकर लावला. रूपालीचा आवाज ओसरीभर झाला.

"मामा, चाक बसलं हुतं. बदललं मी."

आप्पा ताठ बसले. "कुठं? रस्त्यात?"

"न्हाय, घरातच. दारात. सकाळी बघितलं तर बसलेलं."

"जमीन कसली हाय दारात?"

"फरशी हाय. तरी फळी घातली."

"ठोकळे?"

"लावले. पुढनं-मागनं. घोडी लावली, चाक आत सरकवलं. शेजारचा एकजण आला, म्हणाला ताई सरा बाजूला, एवढं काय मांडलाय, लग्न हाय काय घरात. पाना मागाय लागला. मी दिला न्हाय."

आप्पांच्या तोंडावर काहीतरी हललं. खूप दिवसांनी हललं म्हणून ते ओळखायला वेळ लागला. "बरं केलंस. आन् नट?"

"समोरासमोरचे. खाली घेऊन परत आवळले."

"थोडी चालीव आन् परत एकदा बघ. उद्या बघ."

"बघते."

"डोकं घातलं न्हाईस न्हवं खाली?"

"न्हाय, मामा."

"रचना कुठं हुती?"

"कट्ट्यावर बसवली हुती, लांब. तितनंच सांगत हुती मला, आज्जा असं करत न्हाय, आज्जा तसं करतोय."

यावर आप्पांना काही बोलता आलं नाही. पलीकडून रूपाली "हॅलो, हॅलो" म्हणाली, मग तिला वाटलं आवाज जात नाही. "बरं, ठेवते मामा. आई हाक मारालीय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

सूप थांबलं होतं. मालुबाई नवऱ्याकडे बघत होत्या.

"कवा येणार म्हणली?" त्यांनी विचारलं. जूनपासून त्यांनी आप्पांना उद्देशून बोललेले ते पहिले शब्द होते.

आप्पांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "इचारायचं ऱ्हायलं."

"मग एवढा वेळ काय बोललासा?"

"चाकाचंच."

मालुबाईंनी सूप खाली ठेवलं. आप्पा माझ्याकडे वळले. "पोरी, परत लाव म्हटलं तर लागंल का गं?"

मी नंबर लावला. एक रिंग गेली असेल, तेवढ्यात त्यांनी हात पुढे करून फोन बंद करायला लावला.

"असू दे," ते म्हणाले. "आत्ता हात धुवालागली असंल."